आपलीच सावली, आपलीच तपासणी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने माझ्याकडून बालदमा किंवा लसीकरण यांपैकी एखाद्या विषयाची अपेक्षा केली होती आणि ती स्वाभाविकच होती. गेली पंचवीसहून अधिक वर्षे बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून मी याच विषयांवर बोलत आणि लिहीत आलो आहे. यंदा मात्र मंडळाची परवानगी घेऊन मी विषय बदलून घेतला. कारण एका मुलीच्या आजाराने मला जे शिकविले, ते माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि ते आपल्या व्यवसायबंधूंना सांगण्याचे मी बरीच वर्षे टाळत आलो आहे.

2019 च्या पावसाळ्यातील गोष्ट. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तापाचा चौथा दिवस होता. लक्षणे आणि रक्ताचा अहवाल दोन्ही डेंग्यूचेच निदान सुचवीत होते. ताप उतरू लागला होता. आणि डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो, हे आपण सारे जाणतो. मुलगी पाणी पीत होती, लघवी व्यवस्थित होत होती, म्हणून तिला घरी ठेवण्याचे ठरले. पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले किंवा मूल मलूल झाले, तर रात्री कितीही वाजता घेऊन या, असे मी बजावून सांगितले. इथपर्यंत सारे यथासांग झाले.

परंतु हे गृहस्थ त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आले होते. दोन वेळा दूरध्वनीही केला होता. खुर्ची समोर असूनही ते बसले नाहीत. कंबरेत वाकून, हात जोडून उभे राहिले आणि प्रत्येक वाक्याआधी "माफ करा साहेब, तुम्हाला त्रास देतोय" असे म्हणत राहिले. माझ्या छातीत काहीतरी तापत गेले. शेवटी मी म्हणालो, "आधी ते हात खाली घ्या. जरा माणसासारखे उभे राहायला शिका. आणि क्षुल्लक कारणांसाठी वरचेवर येऊ नका."

त्या रात्री अकरानंतर मुलीला उलट्या सुरू झाल्या. पहाटे तिचे हातपाय गार पडले. ती माझ्यापुढे आली ती सकाळी सात वाजता. नाडी जेमतेम लागत होती आणि रक्तदाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर वीसच्याही आत आले होते. सलाईन, अतिदक्षता विभाग, दर तासाला तपासणी, असे करीत दीड दिवसाने ती सावरली आणि पाचव्या दिवशी चालत घरी गेली. रात्रीच का आणले नाही, असे वडिलांना सिस्टरांनी विचारले. मी पडद्यामागे दुसऱ्या मुलाला तपासत होतो. ते म्हणाले, "साहेब रागावतील म्हणून उजाडायची वाट बघितली, ताई."

धोक्याची लक्षणे मी अचूक सांगितली होती. ती ऐकणाऱ्याच्या मनात माझ्या रागाचे भय रोगाच्या भयाहून मोठे करून ठेवण्याचे कामही मीच केले होते. तो राग नेमका कोठून आला, या प्रश्नाने माझ्या या अभ्यासाला सुरुवात झाली. ओपीडीत गर्दी होती, झोप अपुरी होती, ही कारणे खरी असली तरी पुरेशी नव्हती. त्याच दिवशी एका मातेने मला उद्धटपणे बोल लावला होता आणि तो मी हसून सोडून दिला होता. उद्धटपणा सहन होतो आणि नम्रता सहन होत नाही, हा काय प्रकार आहे?

या प्रश्नाशी झटताना मला स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्टाव्ह युंग (1875–1961) यांच्या 'शॅडो' या संकल्पनेचा आधार मिळाला. मराठीत तिला छाया किंवा सावली म्हणता येईल. युंग हे आपल्यासारखेच डॉक्टर. बाझेल येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन 1900 मध्ये ते झुरिकच्या बुर्गह्योल्झ्ली मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे त्यांनी शब्दसाहचर्याच्या चाचण्या केल्या. रुग्णाला एक शब्द सांगायचा, त्याने मनात प्रथम येईल तो शब्द उच्चारायचा आणि मधला वेळ घड्याळावर मोजायचा. बहुतेक शब्दांना उत्तर झटकन येते. एखाद्याच शब्दापाशी माणूस अडखळतो, हसतो किंवा विषय बदलतो. पोट तपासताना नेमक्या एका जागी बोट लागताच रुग्ण दचकतो, त्यातलाच हा प्रकार. दुखरी जागा रुग्णाला ठाऊक नसली तरी ती आपले अस्तित्व कळवते. (हेच युंग 1937 च्या अखेरीस भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने भारतात आले आणि कोलकात्यात आमांशाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. आपल्या देशाने त्यांचेही पोट तपासले म्हणायचे!)

युंग यांच्या मते, आपण जगापुढे आणि स्वतःपुढेही आपली एक प्रतिमा उभी करतो. त्या प्रतिमेत जे बसत नाही ते नाहीसे होत नाही, केवळ दृष्टीआड जाते. अशा नाकारलेल्या गुणदोषांचा समुच्चय म्हणजे छाया. 'आयॉन' या 1951 च्या ग्रंथात त्यांनी तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छाया म्हणजे केवळ दुष्टपणा नव्हे. ज्या घरात राग निषिद्ध तेथे राग छायेत जातो. ज्या घरात हळवेपणाची टर उडते तेथे हळवेपणा. गाणे, खेळकरपणा, मदत मागण्याची क्षमता अशा कितीतरी चांगल्या गोष्टी मी चाळिशीतल्या डॉक्टरांच्या छायेत पाहिल्या आहेत.

ही छाया कशी घडते, ते पाहण्याची संधी बालरोगतज्ज्ञाला जितकी मिळते तितकी क्वचितच कोणाला मिळत असेल. इंजेक्शन घेताना चार वर्षांचा मुलगा रडतो आणि बाप म्हणतो, "मुलगा असून रडतोस?" तीच वेदना, तेच वय, परंतु मुलगी चिडून हात झटकते तेव्हा आजी म्हणते, "मुलीच्या जातीला हे शोभत नाही." धाकट्या भावाच्या जन्मानंतर अंथरूण ओले करू लागलेल्या मुलाला सारे घर सांगते की त्याचे बाळावर फार प्रेम आहे. असेलही, परंतु त्याला मत्सरही वाटतो आणि तो बोलून दाखविण्याची सोय त्या घरात नसते. मग मूल हुशारीने मार्ग काढते. ज्या भागामुळे आई-वडिलांचा चेहरा बदलतो तो भाग ते आत ढकलते आणि उरलेल्यालाच 'मी' म्हणू लागते. ओपीडीत अजिबात न रडणाऱ्या, सांगाल तसे जीभ काढून दाखविणाऱ्या, सर्वांनी 'किती शहाणं बाळ' म्हणून वाखाणलेल्या मुलांकडे मी अलीकडे थोडे अधिक लक्ष देतो. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात सुमारे चाळीस वर्षे काम केलेले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट (1896–1971) यांनी अशा अतिआज्ञाधारकतेमागील 'खोट्या स्व'चे विवेचन केले आहे. मुलाला वळण लावू नये असा त्याचा अर्थ मी घेत नाही. भावाला मारू नये हे शिकवावेच लागते. परंतु राग आलाच कसा, असे विचारणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता माझ्या रागाकडे येतो. त्या प्रसंगानंतर मी एक दोनशे पानी वही आणली आणि रात्री दवाखाना बंद झाल्यावर त्यात लिहू लागलो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये आपल्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले होते. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या दिवसांत अधिक अस्वस्थ वाटले. पुढील महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्रातील खेपा इतरांच्या तुलनेत कमी होत्या. नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करता हा लाभ सरासरीने लहानच आढळतो, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. परंतु वही आणि पेन यांचा खर्च पाहता मला तो पुरेसा वाटला.

पहिल्या दोन रात्री मी केवळ माझी बाजू मांडली. डॉक्टरांवरील ताण, लोकांची बेपर्वाई वगैरे. ती पाने आज वाचली तर एखाद्या चौकशी समितीपुढील निवेदनासारखी वाटतात. तिसऱ्या रात्री ठरविले की कारणे लिहायची नाहीत, फक्त जे दिसले ते लिहायचे. जोडलेले हात. काळवंडलेली नखे. वाकलेली मान. आणि मान या शब्दापाशी पेन थांबले.

माझे वडील शहापुरातील एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. मी सहावीत असताना फी थकल्यामुळे ते मला घेऊन शाळेच्या कार्यालयात गेले. खुर्ची होती, परंतु ते बसले नाहीत. हात जोडून, मान वाकवून त्यांनी सवलत मागितली. तेथील गृहस्थ कागदातून मान वर न काढता म्हणाले, "शिकवायची ऐपत नाही तर कशाला शिकवता?" वडील हसले. त्यांचे ते हसणे मला सर्वांत लागले. घरी परतताना मी त्यांच्यापासून चार पावले मागे चालत होतो, कोणी आम्हांला एकत्र पाहू नये म्हणून. माझे सारे शिक्षण त्या वाकलेल्या मानेवर झाले. आणि आपण कधीही कोणापुढे असे उभे राहायचे नाही, असे मी त्या रस्त्यावर ठरवून टाकले. त्या निश्चयाने मला एम. डी. पर्यंत नेले हे खरे. परंतु याचना करणारा, घाबरलेला, लाजलेला जो मुलगा मी त्या रस्त्यावर सोडून आलो, तो अडतीस वर्षांनी एका फाउंड्री कामगाराच्या रूपाने माझ्या टेबलापुढे हात जोडून उभा राहिला आणि मी त्याला माणसासारखे उभे राहा असे सुनावले. शाळेतील त्या गृहस्थांचाच स्वर माझ्या तोंडी होता.

छायेचा माग काढण्याची युंग यांची मुख्य खूण हीच आहे. आपल्यातील जे आपण नाकारतो ते समोरच्यावर आरोपित करतो. म्हणून प्रसंगाच्या मानाने प्रमाणाबाहेर आलेला राग किंवा तिटकारा, आणि तितकेच प्रमाणाबाहेरचे कौतुकही, तपासून पाहावे. प्रत्येक राग छायेचा नसतो. कोणी रांग मोडून पुढे घुसला तर येणारा राग हा साधा राग आहे, त्यासाठी वही नको. परंतु तीच एक गोष्ट, वेगवेगळ्या माणसांत, पुन्हा पुन्हा आपल्याला पेटवीत असेल, तर काडी आपल्याच खिशात आहे असे समजावे.

ज्यांना सुरुवात करावयाची असेल त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठ्या जखमेपासून ती करू नये. शस्त्रक्रियेचे शिक्षणही गळू फोडण्यापासून सुरू होते. गेल्या आठवड्यातील एक लहानसा प्रसंग घ्यावा: सून काही बोलली, सहकाऱ्याला पुरस्कार मिळाला, कंपाउंडर उशिरा आला. पंधरा-वीस मिनिटे लिहावे, कोणाला दाखविण्यासाठी नव्हे. प्रथम शरीरात काय झाले ते नोंदवावे. घसा आवळला, कान तापले, पोटात खड्डा पडला. मग भावनेला नेमके नाव द्यावे. 'वाईट वाटले' हे नाव पुरेसे नाही. अपमान, असूया, भीती, लाज यांपैकी काय? मराठीत या बाबतीत शब्दांची वाण नाही. भावनेला नाव दिल्याने मेंदूतील अमिग्डला या भागाचा प्रतिसाद सौम्य होतो, असे मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूप्रतिमांच्या साहाय्याने दाखविले आहे. त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत. हे मला प्रथम कोठे भेटले? आणि ज्या गोष्टीचा मला एवढा राग येतो ती मी स्वतः केव्हा करतो? दुसऱ्या प्रश्नाला पहिले उत्तर बहुधा 'कधीच नाही' असे येते. तेथे थांबू नये. मला उत्तर मिळावयास चार महिने लागले. औषध कंपनीच्या परिषदेत एका बड्या प्राध्यापकांपुढे मी स्वतः कंबरेत वाकून बोलत होतो, ते पत्नीने टिपलेल्या छायाचित्रात मला दिसले!

स्वीकार या शब्दाविषयी आपल्या मंडळींच्या मनात शंका येते, ती रास्त आहे. आपल्या परंपरेत काम, क्रोधादी षड्रिपू जिंकावयाचे असतात. ते स्वीकारावयाचे कसे? मला वाटते, स्वीकार म्हणजे निदान मान्य करणे. मधुमेह झाला आहे हे मान्य करणारा रुग्ण साखर खाण्याची परवानगी मागत नाही. जो मान्य करीत नाही तोच चोरून खातो. 'माझ्यात तुच्छता आहे' हे मान्य केल्याने मला रुग्णांवर ओरडण्याचा अधिकार मिळाला नाही. उलट ती उसळण्याच्या आधी क्षणभर मला दिसू लागली. शिवाय आपले संत या बाबतीत अधिक धीट होते. तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतःचे दोष ज्या निःसंकोचपणे विठ्ठलापुढे मांडले आहेत, तसे आपल्यापैकी किती जण वहीत तरी मांडू शकतील?

आपल्या व्यवसायात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण रुग्णाविषयी नावड वाटणे हेच आपल्याला निषिद्ध आहे. जेम्स ग्रोव्ह्ज या मनोविकारतज्ज्ञांनी 1978 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डॉक्टरांना ज्यांचा तिटकारा येतो अशा रुग्णांविषयी उघडपणे लिहिले. बिलगून राहणारे, हक्काने मागणी करणारे, प्रत्येक उपाय निष्फळ ठरविणारे आणि स्वतःचा नाश ओढवून घेणारे, असे चार प्रकार त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे असे की ही भावना नाकारली तर ती उपचारात शिरते आणि मान्य केली तर निदानाला मदत करते. लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात कुटुंबवैद्यांचे लहान गट जमविले. त्या बैठकांत रोगाची चर्चा नसे. तो रुग्ण डॉक्टरच्या मनात काय जागे करतो याची असे. आपल्या मासिक सभेत भोजनापूर्वीची चाळीस मिनिटे यासाठी ठेवता येतील, असा माझा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. तो मंजूर झाल्यास पहिला रुग्ण मी सादर करीन.

पालकांनाही याचा उपयोग होतो. विनिकॉट यांनी 1947 मध्ये वाचलेल्या एका निबंधात आईला आपल्या बाळाचा राग येण्याची अठरा कारणे दिली आहेत. एका बालरोगतज्ज्ञाने आईच्या द्वेषाची यादी करावी, याने मी प्रथम दचकलो. परंतु तीन महिन्यांचे बाळ रात्र-रात्र रडते अशी तक्रार घेऊन आलेल्या एका मातेला मी हल्लीच विचारले, "कधी याचाही राग येतो का हो?" ती सासूकडे पाहून गप्प राहिली. सासूबाई औषध आणावयास गेल्या तेव्हा म्हणाली, "येतो डॉक्टर. मी वाईट आई आहे ना?" पुढील वीस मिनिटांत मला बाळाच्या पोटापेक्षा तिच्या झोपेविषयी अधिक कळले. अशा वेळी प्रसूतीनंतरचे नैराश्य नाही ना, स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. येत असतील तर तिला एकटी ठेवू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे वही पुरत नाही.

हीच मर्यादा सर्वांसाठी आहे. बालपणी अत्याचार झालेला असेल, लिहिताना प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा भास होत असेल, झोप उडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर लेखन थांबवून तज्ज्ञांची मदत घ्यावी. छायेची संकल्पना प्रयोगशाळेत सिद्ध झालेले औषध नव्हे; ती पाहण्याची एक रीत आहे. तिचा वापर दुसऱ्यावर तर मुळीच करू नये. 'ही तुझी छाया बोलते आहे' असे मी एकदा घरी म्हणालो होतो. त्यानंतर दोन दिवस माझे जेवण झाकून ठेवलेले असे.

वडील 2008 मध्ये गेले. त्या रस्त्यावरील चार पावलांविषयी मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. वहीत त्यांना एक पत्र लिहिले आहे, ते तेवढेच.

ती मुलगी आता बारा वर्षांची आहे. गेल्या जून महिन्यात शाळेच्या दाखल्यावर सही हवी म्हणून वडील तिला घेऊन आले होते. दारातूनच त्यांचे हात जुळले. माझ्या छातीत तोच चटका उठला. तो गेलेला नाही. मी उठून खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणालो, "दादा, बसा. त्या रात्री तुम्ही माझ्यामुळे थांबलात, ते मी ऐकले होते. माझे चुकले." ते गोंधळून मुलीकडे पाहू लागले. मग खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मुलगी म्हणाली, "बाबा, नीट मागे टेकून बसा की." मी दाखल्यावर सही केली आणि पुढच्या मुलाला आत बोलावले.